इंजिन बंद करायला सांगा

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला. आम्ही इचलकरंजीचे, ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान बंद ठेवून दोघंच कुठे गेलोय असं कधी झालं नव्हतं, म्हणून ह्यांनी मला न सांगता तापोळ्याचं ठरवलं आणि कोयनेच्या पाण्यात फिरायला दिवसभरासाठी अख्खी लाँच केली. सकाळी दहाला बसलो ते साडेचारला उतरलो. हे सगळा वेळ मागे बोटवाल्यापाशी. इंजिन, डिझेल, पंखा, हेच चालू. थोडा वेळ स्वतः चालवलीसुद्धा. मी पुढच्या फळीवर एकटी. दोनदा हाका मारल्या, ओ दिली नाही. डोकं इतकं दुखत होतं की डबा खाल्ला नाही, सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते. रात्री हे म्हणाले, “आयुष्यातला एक नंबर दिवस!” आणि मला रडूच फुटलं. मी का रडले ते त्यांना अजून कळलेलं नाही. आता डिसेंबरात पुन्हा जायचं म्हणताहेत, या खेपेला बामणोलीहून वासोट्याचा किल्लासुद्धा. बोटवाल्याला आगाऊ पैसे पाठवून झालेत. नाही म्हणावं तर त्यांचं मन मोडेल, हो म्हणावं तर परत तेच. २५ वर्षांत आमच्यातलं बोलणंच संपलं का हो? (माझं माहेर कोयनेच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीतलं. आजोबांचं गाव त्याच पाण्याखाली आहे. पण ते जाऊ दे.)
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, तुम्ही कंसात टाकून “ते जाऊ दे” म्हणालात ते मी जाऊ देणार नाही. पण त्याच्याकडे थोड्या वेळाने येते. आधी पाणी.

सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, हे तुम्ही डब्याच्या ओघात लिहून गेलात. का प्यायला नाहीत ते लिहिलं नाहीत. लिहायची गरजही नव्हती, हे सदर वाचणाऱ्या बायकांना ते आपोआप कळलं असणार. लाँचमध्ये सोय नसते. काठाला उतरावं तर उघडा उतार, वर परका माणूस सोबत, आणि नवऱ्याला हाक मारून सांगावं तर ती हाक ऐकू जात नाही. त्यापेक्षा नकोच ते पाणी, असं ठरवून आपण घरातून निघतो. एसटीने जाताना हेच, लग्नकार्यात हेच. साडेसहा तास डोक्यावर ऊन, पाण्यावरून उलटून तोंडावर येणारं ऊन वेगळं, मागून डिझेलचा धूर आणि पोटात अन्नपाणी काही नाही. डोकं दुखलं नसतं तरच नवल. त्या रात्रीच्या रडण्यातलं निम्मं तरी त्या कोरड्या घशाचं होतं असं मला वाटतं. तुमचं दुःख हलकं ठरवायला हे म्हणत नाहीये. पण उपाशीतहानेल्या डोक्याने काढलेले संसाराचे निष्कर्ष फारसे धरून ठेवू नयेत, एवढंच.

तुमच्या मिस्टरांच्या हे लक्षात आलं नाही, कारण असा विचार करायची वेळ पुरुषांवर येतच नाही. तेव्हा आडून नको, सरळ सांगा: “मला दर दोन-अडीच तासांनी बाथरूम लागेल, आणि जिथे ती आहे तिथेच बोट लागली पाहिजे.” यात लाजण्यासारखं काही नाही. २५ वर्षं संसार केलेल्या माणसाशी हे बोलता येत नसेल तर मग खरंच काळजीची गोष्ट आहे. बोटवाल्यांनाही आधी विचारा. काठावर कुठल्या हॉटेलात, कुठल्या घरगुती खानावळीत स्वच्छ सोय आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आणि मग त्या दिवशी पोटभर पाणी प्या.

आता हाकांचं. तुम्ही दोनदा हाक मारलीत आणि ओ आली नाही. त्या लाँचमध्ये इंजिन मागच्या बाजूला फळ्यांच्या पेटीत असतं. त्याच्यापासून दोन हातांवर बसलेल्या माणसाला पुढून हाक ऐकू जाणं जवळजवळ अशक्य. शेजारी बसून बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. बोटवाले तर खुणांनीच बोलतात: हात वर केला की थांब, तळहात खाली दाबला की हळू. बोटीच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये तो टकटकाट. अशा ठिकाणी साडेसहा तास बसवलं तर नव्याने लग्न झालेल्यांचंही बोलणं बंद पडेल. तेव्हा “बोलणं संपलं का” याचा निकाल डिझेल इंजिनाशेजारी लावू नका. घरी रात्री दुकान बंद झाल्यावर, जेवताना काय होतं, त्यावरून लावा. त्याबद्दल तुमच्या पत्रात तक्रारीचा एक शब्दही नाही, हे मी पाहिलंय.

म्हणजे मिस्टरांचं काही चुकलंच नाही का? चुकलं की. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आणि अख्ख्या दिवसात हा माणूस एकदाही उठून पुढे तुमच्या फळीवर येऊन बसला नाही? बोट काही एवढी मोठी नसते, दहा पावलांत पुढचं टोक येतं. आणि मला त्याहून खटकलं ते वेगळंच. पहिल्यांदा न सांगता ठरवलं, ते हौस म्हणून सोडून देऊ. पण तुम्ही रडलात, त्याचं कारण त्यांना कळलं नाही, आणि ते कळून घेण्याआधी दुसऱ्या फेरीचे पैसे पाठवून मोकळे! पैसे भरून झाल्यावर बायकोला विचारायची ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि आता तर तिला ‘सरप्राइज’ असं गोंडस नावही मिळालंय. ज्याला दिवस द्यायचा त्याला विचारावं लागतं. हे त्यांना तुम्हीच सांगायचं आहे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

सांगताना एक गोष्ट मात्र मनात असू द्या. तुमचे मिस्टर वर्षाचे सगळे दिवस बिघडलेल्या मोटरी बघतात. दुकानात आलेली जळकी मोटर म्हणजे कोणाचा तरी बंद पडलेला माग, आणि काउंटरपाशी “कधी देताय, कधी देताय” करणारा मालक. त्या दिवशी त्यांच्यासमोर एक नीट चालणारं इंजिन होतं, घाई करणारं कोणी नव्हतं, चारही बाजूंना पाणी आणि डोंगर, आणि पुढच्या फळीवर नजरेच्या टप्प्यात तुम्ही. तुम्ही त्यांना पाठमोऱ्या दिसत होतात, तेवढंच त्यांना पुरलं. ‘एक नंबर दिवस’ हे ते खोटं बोलले नाहीत. तुम्ही नसतात तर तो दिवस एक नंबर झाला नसता, हेही मी खात्रीने सांगते. फक्त तुमच्या वाट्याला त्यातलं काय येतंय हे त्यांनी पाहिलं नाही.

तर माझा सल्ला: जा. पण वासोटा काढून टाका.

वासोटा वाईट म्हणून नव्हे, उलट सातारा जिल्ह्यातल्या किल्ल्यांत मला तो फार आवडतो. (औंधच्या परशुराम पंत प्रतिनिधींसाठी त्यांची सोबतीण ताई तेलिणीने ज्या किल्ल्यावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी झुंज घेतली तो हा. जोडीदारासाठी किती करावं याची गोष्ट तिथे आहे, पण ती तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला लागू करायला नको.) हिशेबच बघा. बामणोलीत वन खात्याची परवानगी घ्यायची, ओळखपत्रं दाखवायची, पिशव्यांतलं प्लास्टिक तपासून घ्यायचं. मग तास-दीड तास बोट, तेव्हा कुठे मेट इंदवलीला, म्हणजे गडाच्या पायथ्याला लागतो. तिथून दाट जंगलातून दोनेक तासांची खडी चढण, तेवढीच उतरण, आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत, कारण ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, मुक्काम करू देत नाहीत. म्हणजे दिवस सगळा पळापळीत, सोय कुठेच नाही, आणि ज्या पाण्यासाठी जायचं ते पाणी नुसतं येण्याजाण्याच्या वाटेपुरतं. ह्यांना वासोटा करायचाच असेल तर दुकानातली पोरं घेऊन एखाद्या रविवारी जाऊन येऊ देत. सकाळी सहाला साताऱ्यातून निघालं तर होतो. तुम्ही त्या दिवशी घरी मस्त ताणून द्या.

जलाशयाचं मात्र सावकाश करा. गेल्या वेळी तुम्ही ‘जास्तीत जास्त लांब’ गेला असणार, साडेसहा तासांत तसंच होतं. शिवसागर, म्हणजे कोयनेचा हा जलाशय, गोल तळं नाही. कोयना महाबळेश्वराहून निघते, सह्याद्रीच्या कण्याला धरून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते, त्या वळणाच्या अंगाला धरण बांधलंय. म्हणून हे पाणी पन्नासेक किलोमीटर लांब आणि अरुंद पसरलंय. दोन्ही बाजूंनी डोंगरांच्या सोंडा त्यात उतरलेल्या, आणि दर दोन सोंडांच्या मध्ये पाणी आत घुसलेलं. मधल्या धारेने सरळ गेलं की तासाभरात सगळं एकसारखं वाटायला लागतं, तोच हिरवा डोंगर, तीच लाल पट्टी. मजा आहे ती एखाद्या आत शिरलेल्या फाट्यात हळू जाण्यात. तिथे वारा लागत नाही, पाणकावळे वाळलेल्या खोडांवर पंख पसरून बसलेले असतात, उतारावर गवत कापणारी बाई दिसते, तिचं घर दिसतं.

डिसेंबरात पहाटे पाण्यावर धुकं असतं, फार लवकर निघण्यात अर्थ नाही. धुकं उठलं की, नऊ-साडेनऊला तापोळ्याहून निघा. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिघी जिथे भेटतात त्या संगमाकडे जा, दत्ताच्या देवळापाशी उतरा, पाय मोकळे करा. अडीच तासांच्या आत परत काठाला या. निघतानाच कुठे तरी जेवण सांगून ठेवलंत की आल्यावर गरम भाकरी मिळते. तिथल्या घरगुती खानावळी ऐनवेळी गेलेल्यालाही उपाशी पाठवत नाहीत, पण सांगून गेलात तर चुलीवरचं पिठलं नीट बसून खाता येतं. दुपारी झोपा. हो, झोपा! लग्नाच्या वाढदिवसाला दुपारी झोपण्यासारखी चैन नाही. वाटलं तर चारनंतर पुन्हा तासभर बोट करा, नाही वाटलं तर काठावर बसून तराफ्यावर चढणाऱ्या गाड्या बघा. वाट न मिळालेल्या जीपचा ड्रायव्हर, तराफ्यावरचा पोरगा आणि मागून हॉर्न वाजवणारा पाहुणा यांचं भांडण फुकट बघायला मिळतं.

आणि या सगळ्यात एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी तुम्हाला जा म्हणतेय. भाडं ठरवतानाच बोटवाल्या मामांना सांगायचं: “संगमावर अर्धा तास इंजिन बंद ठेवायचं.” आधी सांगायचं, पाण्यात गेल्यावर नव्हे. शनिवार-रविवारी तिथे बोटींचे नंबर लागतात, त्यांना पुढच्या फेरीची घाई असते, आणि मध्येच बंद करायला सांगितलं की काही बिघडलं का असं त्यांना वाटतं. अर्ध्या तासाचे वेगळे पैसे मागितले तर द्या.

इंजिन बंद झालं की पहिली दोन-तीन मिनिटं कानात तोच टकटकाट चालू राहतो, खरं तर आवाज थांबलेला असतो. मग तो हळूहळू विरतो आणि बोटीच्या तळाला पाणी चापट्या मारतंय ते ऐकू येतं. बोट आपोआप आडवी व्हायला लागते, समोर असलेला डोंगर बाजूला सरकतो, ज्याच्याकडे पाठ होती तो समोर येतो. आणि मग लांबच्या वाडीतून कोणी तरी कोणाला तरी मारलेली हाक पाण्यावरून अशी येते, की नाव काय घेतलं तेही कळतं. अशा वेळी तुम्ही घरातल्या आवाजात बोललात तरी बोटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. तुमचे मिस्टर पहिल्यांदा काय बोलतील ते मी आत्ताच सांगते: “टॅपेट जरा वाजतंय ह्याचं.” बोलू द्या. पाच मिनिटांत त्यांचा विषय संपेल, कारण इंजिन समोर चालू नसेल तर त्याबद्दल किती बोलणार?

बसायची जागाही बदला. पुढच्या टोकाला तुषार उडतात आणि ऊन लागतं, मागे धूर येतो. मधली फळी चांगली, शक्यतो छपराखाली, आणि दोघांनीही तिथेच. ह्यांना मागे जायचं असेल तर जाऊ द्या थोडा वेळ, कधी तुम्हीही जा आणि “हे काय आहे” म्हणून विचारा. दिवसभर तुमच्यापाशी बसून राहायची शिक्षा त्यांना नको, आणि तुम्हालाही नको. चाक मात्र मामांच्याच हातात राहू द्या. पाण्याखाली कुठे जुन्या झाडांचं खोड आहे, कुठे मासेमारीचं जाळं लावलंय, हे त्यांना माहीत असतं. जाळं पंख्यात गुंतलं की मग पाण्यात उतरून ते कापत बसावं लागतं.

आता तुमचा कंस.

आजोबांचं गाव त्या पाण्याखाली आहे. १९६० च्या सुमाराला धरणात पाणी भरू लागलं तेव्हा त्या खोऱ्यातली माणसं उठली ती रत्नागिरी, रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी पांगली. तुमचं माहेर त्यातल्याच एखाद्या वसाहतीतलं. तुम्ही स्वतः ते गाव कधी पाहिलेलं नाही, पण आजोबांच्या, वडिलांच्या बोलण्यात ऐकत वाढलात. आणि पहिल्यांदा त्या पाण्यावरून गेलात तेव्हा पुढच्या फळीवर बसून तुम्ही काय शोधत होतात, हे मला कळतंय. पण तुमच्या मिस्टरांना कळलं असेल का? ते २५ वर्षांचे जावई आहेत, सासुरवाडी धरणग्रस्तांची आहे हे त्यांना माहीतच आहे. तरी त्या दिवशी, त्या पाण्यावर, तुमच्या मनात ते चाललं होतं हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत? मला सांगतानाही कंसात घालून, “जाऊ दे” म्हणून सांगताय!

मला वाटतं त्या दोन हाका यासाठीच होत्या. बोटवाल्याला काही तरी विचारायचं होतं.

तर या वेळी जाण्याआधी माहेरी फोन करा. वडील, काका, आत्या, जे कोणी ते गाव पाहिलेलं असेल त्यांना विचारून तीन नावं लिहून घ्या: गावाचं, जवळच्या ओढ्याचं, आणि समोरच्या डोंगराचं किंवा त्यावरच्या देवाचं. नुसत्या गावाच्या नावावर भागत नाही. बोटवाले जागा पाण्यावरून ओळखत नाहीत, पाणी सगळीकडे सारखंच. ते डोंगराच्या सोंडेवरून आणि ओढ्याच्या तोंडावरून ओळखतात. तिथले कितीतरी बोटवाले अशाच घरांतले आहेत, ज्यांची खालची जमीन धरणात गेली आणि माणसं उतारावर वर सरकून तिथेच राहिली. मामांना विचारलंत की त्यांचं स्वतःचं जुनं घर कुठे होतं तेही ते दाखवतील. पण हे विचारायचं इंजिन बंद असताना. नाही तर “काय म्हणालात?” यातच सगळं जाईल.

डिसेंबरात काही दिसणार नाही, हेही आधीच सांगते. पावसाळा संपल्यावर जलाशय भरलेला असतो, १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं त्यात. डिसेंबरात पातळी उतरायला लागते, पण गावं फार खाली आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप खाली जातं, काठाला लाल मातीचा उघडा उतार पडतो, बोटीपर्यंत जायला चिखलातून जपून उतरावं लागतं. तेव्हा जुन्या घरांची जोती, देवळांचे दगड, वाटा वर येतात. तुमचं गाव अगदी नदीकाठचं असेल तर तेव्हाही नाही दिसायचं, वरच्या अंगाचं असेल तर दिसेल. ती फेरी वेगळी करा, आणि तिला वडिलांना घेऊन जा. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जाऊन या. दुपारनंतर वळीव कोसळतो, आणि विजा कडाडत असताना उघड्या पाण्यावर असू नये. आता डिसेंबरात नुसती जागा बघा.

आणि मिस्टरांना बोलतं करायला हा विषय इंजिनापेक्षा चांगला आहे. हे पाणी जातं कुठे ते त्यांना विचारा. त्यातलं बरंचसं पाणी नदीने खाली न जाता डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे चारशे मीटरहून जास्त खाली पडतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. आणखी खालचं पाणी घेता यावं म्हणून १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली जलाशयाच्या तळालाच बोगद्यातून स्फोट करून भोक पाडलं, पाणी भरलेलं असताना. हे सांगायला लागले की तुमचे मिस्टर अर्धा तास थांबायचे नाहीत. तुमच्या आजोबांनी गाव सोडलं त्या पाण्याच्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने, माग आणि त्यांची जळणारी मोटर चालते. मिस्टरांचं दुकान आणि तुमचं माहेर यांचा असा संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंय की नाही, विचारून बघा.

बाकी बारीकसारीक. लाइफ जॅकेट दोघांनीही घालायचं, फोटोपुरतं काढायचं नाही. सगळी बकलं लावून झाली की दुसऱ्याने खांद्याकडून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, दुसरं मागायचं. बोटीत माणसं किती बसवायची ते बोटीवर लिहिलेलं असतं, तुम्ही दोघंच असाल तर प्रश्न नाही, पण “दोन पाहुणे घेऊ का सोबत” असं विचारलं तर नको म्हणा. वारा उठला की मामा जे सांगतील ते ऐकायचं, वाद घालायचा नाही. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा घाट वळणावळणाचा आहे. गाडी लागत असेल तर गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. टोपीला दोरी हवी. आणि मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, मुलाला आदल्या रात्रीच फोन करून ठेवा.

राहता राहिले आगाऊ पाठवलेले पैसे. ते परत मागू नका, तारीखही बदलू नका. मिस्टरांकडून बोटवाल्यांचा नंबर घ्या आणि या खेपेला फोन तुम्ही करा. वासोटा नको, तापोळ्याहून संगमापर्यंत आणि परत, अर्धा तास इंजिन बंद, बाथरूम कुठे आहे, आणि अमुक नावाचं गाव पूर्वी कुठल्या अंगाला होतं ते दाखवाल का. फोन स्पीकरवर ठेवा, मिस्टर शेजारी बसलेले असताना.